शांतिनिकेतन की समरहिल, पोरांना खरी मोकळीक कुठे?

परवा फोंड्याला बहिणीकडे हाच विषय निघाला, तिची मुलगी दिवसभर चित्रं काढते आणि गणित म्हटलं की रडायला लागते. शांतिनिकेतनात टागोरांनी 1901 ला शाळा सुरू केली, झाडाखाली वर्ग, वेळापत्रक असतं पण भिंती नाहीत, आणि गाणं, नाच, चित्रं ही एक्स्ट्रा अॅक्टिव्हिटी नाही तर अभ्यासच. इंग्लंडमधली समरहिल शाळा 1921 ची, ए. एस. नील या शिक्षकाने काढलेली, तिथे तासाला बसायची सक्तीच नाही, पोरगं महिनोन्महिने नुसतं खेळलं तरी चालतं. पण मला सगळ्यात भारी वाटते ती त्यांची सभा, शाळेचे नियम तिथे ठरतात आणि लहान पोराचं मत नि मास्तरचं मत दोन्ही सारखंच मोजतात, आमच्या लहानपणी आम्हाला कोणी काही विचारलंच नाही हो.

तरी मी शांतिनिकेतनच्या बाजूने, कारण पाऊस संपला की फणसाखाली चटई टाकून तसा वर्ग आपल्याकडेही भरवता येतो. बहिणीला म्हटलं, सभा मात्र समरहिलची घे गो, येत्या रविवारी घरीच सुरू कर, पहिलं मत पोरीचं.