गाण्याचे रशेस बघताना: सुटे टेक की सिंक लावलेले थर?

डिसेंबरात फोंड्याहून पाच कॉलेजकुमार-कुमारी हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे आले. गाणं मराठी, ३ मिनिटं ४० सेकंदांचं. प्लेबॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावून त्यावर ओठ हलवत घेतलेले ११ टेक, शिवाय सुटं चित्रण, असं सगळं मिळून तीन तासांचे रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं फुटेज. अर्धं पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचं, अर्धं रायबंदर-चोडण फेरीबोटीवरचं. दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणाली, "सर, सगळेच टेक चांगले वाटतात. निवडायचं कसं?"

तिने सगळे टेक गाण्यावर सिंक करून, म्हणजे ओठ आणि आवाज जुळवून, गाणं मोठ्याने लावून पाहिले होते. चाल चांगली असली की ती चित्राला सांभाळून घेते. फोकस हललेला असो की गायिकेचा चेहरा थकलेला, कानाला गोड लागलं की डोळा माफ करतो. दुसऱ्या बाजूला, तिच्याच गटातला कॅमेरा करणारा मुलगा एकेक क्लिप सुटी बघून फटाफट बाद करत सुटला होता, आणि त्यात दोन टेक असे गेले होते जे गाण्यावर बसवल्यावर सगळ्यांत सरस ठरले. दोघांचाही मार्ग चुकीचा नव्हता. कोणत्या फुटेजला कोणता मार्ग लावायचा, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

आधी सुट्या क्लिपांबद्दल. इथे फोल्डर उघडायचं, चित्रण झालं त्याच क्रमाने बघायचं, आणि पहिल्या फेरीला आवाज पूर्ण बंद ठेवायचा. आवाज नसला की चेहरा उघडा पडतो. ओळ मनापासून म्हटली आहे की नुसते ओठ हलताहेत, हे दहा सेकंदांत कळतं. पण या पद्धतीचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे. "ॲक्शन"च्या आधीचे आणि "कट"च्या नंतरचे क्षण फक्त इथेच दिसतात. सिंक लावताना आपण क्लिप गाण्याच्या लांबीएवढी कापतो आणि दोन्ही टोकं नजरेआड जातात. या मुलांच्या सातव्या टेकमध्ये गाणं संपल्यावर कॅमेरा चालूच राहिला होता. घुमट, म्हणजे मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य, वाजवणाऱ्या मुलाने तो मांडीवर घेतला, तळवा पँटला पुसला आणि एकेक बोट वाकवून बघितलं. मागे फेरीबोट धक्क्याला लागत होती. चार सेकंदांचा तुकडा, पण अख्ख्या चित्रणात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. सिंकच्या टाइमलाइनवर तो आलाच नव्हता.

क्रमाने बघण्याचा आणखी एक उपयोग समुद्रकिनारी होतो. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दोन दिवस एकाच घड्याळी वेळेला मिरामारला गेलात तरी ओल्या वाळूची रेघ जागेवर नसते. कोणत्या दिवशी पाणी कुठवर होतं हे क्लिप क्रमाने बघितल्या की डोक्यात बसतं, आणि पुढे कट करताना पात्र एका शॉटमध्ये कोरड्यावर आणि पुढच्यात पाण्यात, असं होत नाही.

या पद्धतीची उणीव म्हणजे वेळ. तीन तासांचं फुटेज बघायला तीन तास लागतातच, नोंदी धरून पाच. आणि प्लेबॅकच्या टेकबाबत ती अर्धवटच उत्तर देते, कारण असा टेक एकटा चांगला किंवा वाईट नसतो. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला तो बाकीच्या दहांपेक्षा चांगला आहे का, हा खरा प्रश्न असतो.

तिथे थर लागतात. ११ टेक एकाखाली एक, सगळे मूळ गाण्याच्या ट्रॅकवर जुळवलेले. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही मल्टिकॅम, म्हणजे अनेक क्लिपा एकत्र चालवायची सोय आहे, चार चौकटी एकदम पडद्यावर दिसतात. म्हणजे चाळीस मिनिटांचे टेक चार-चारच्या तीन गटांत अकरा मिनिटांत एकदा बघून होतात. एकाच ओळीला चार चेहरे शेजारी-शेजारी असतात, आणि कोणता खरा आहे हे वाद न घालता दिसतं. उजेडाचंही तसंच. डिसेंबरात इथे सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. सव्वापाचचा टेक आणि पावणेसहाचा टेक सुटे बघितले तर दोन्ही सुंदर वाटतात. चौकटीत शेजारी ठेवले की एक पांढरट आणि दुसरा केशरी, दोघांत थेट कट मारता येणार नाही हे लगेच लक्षात येतं.

पण सिंक आधी नीट लागायला हवं, आणि इथे खूप जण घाई करतात. सॉफ्टवेअर वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या आलेखावरून, आपोआप जुळवतं ते कॅमेऱ्यात आलेल्या आवाजावर. मिरामारच्या वाऱ्यात आणि फेरीबोटीच्या इंजिनात तो आवाज दबलेला असतो. शिवाय ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर गायिकेपाशी आणि कॅमेरा लांब लेन्स लावून ३५ मीटरवर असेल, तर आवाज कॅमेऱ्यापर्यंत एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात अडीच फ्रेम. आपोआप जुळवलेल्या अशा क्लिपमध्ये ओठ आवाजाच्या आधी हलतात, म्हणून ती दोन-तीन फ्रेम पुढे सरकवावी लागते. मी हे कानाने नाही, ओठांनी तपासतो. प, ब, म ही ओष्ठ्य अक्षरं आहेत, ती म्हणताना ओठ मिटतातच. या गाण्यात "मांडवीच्या पाण्यावर" अशी ओळ होती. "मां"ला ओठ मिटलेले, "पा"ला पुन्हा मिटलेले. ही दोन ठिकाणं फ्रेमला फ्रेम लागली की बाकीची ओळ बसते.

घुमटाच्या शॉटला तर सिंकशिवाय निवडच करू नका. २०१९ साली गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण चतुर्थीच्या आरत्यांत तो त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांत वाजतोय. एक हात चामड्यावर, दुसरा मागच्या अरुंद तोंडावर हवा सोडत-अडवत. ओठ दोन फ्रेम चुकले तर कुणी सोडून देईल, थाप चुकली तर आपल्याकडचा दहा वर्षांचा मुलगाही सांगेल.

स्लो मोशनचंही उत्तर एकतर्फी आहे. सेकंदाला ५० फ्रेमला, गाणं दुप्पट वेगाने वाजवून घेतलेले टेक सुटे बघाल तर गायिका घाईघाईने बडबडताना दिसेल आणि तुम्ही तो टेक फेकून द्याल. कॅमेरावाल्या मुलाने बाद केलेले दोन टेक हेच होते. २५ वर उतरवून गाण्यावर ठेवले तेव्हा ओठ बरोबर जुळले आणि केस-ओढणी संथ तरंगायला लागली.

थरांची किंमत मशीनला मोजावी लागते. १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी होतं. तशा चार क्लिपा एकदम चालवताना साधा लॅपटॉप अडखळतो, मग प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या प्रती, बनवायला रात्रभर लावून ठेवायचं. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी निदान मुखड्याचे आणि घुमटाचे टेक तरी थरात घ्यावेत.

चित्रण झालं त्याच संध्याकाळी बघावं की सगळं संपल्यावर शेवटी? दोन्ही, पण संध्याकाळी फक्त तांत्रिक गोष्टी. घरात ट्यूबलाइटखाली शटर १/६० सेकंदावर ठेवलं की चित्रावर पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. १/५० ला ते जातात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे दिसत नाही, टीव्हीवर दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी परत घेता येतं. त्या थकव्यात टेक मात्र निवडू नका.

सगळ्यांनी मिळून बघण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिली फेरी दिग्दर्शक आणि संकलक, दोघांचीच. गायिका शेजारी बसली की प्रत्येक जण तिच्या चेहऱ्याकडे बघून मत देतो.

या गटासाठी आम्ही सुटं चित्रण आणि टेकची दोन्ही टोकं आवाज बंद करून बघितली, आणि ११ टेक ओळवार थरांत. वहीत प्रत्येक ओळीसमोर एक टेक आणि एक पर्याय लिहिला. सबमिशनला दोनच दिवस उरले असतील तर मी थर निवडेन, पण क्लिप कापण्याआधी दोन्ही टोकं एकदा पळवून बघेन. ११ टेकची टोकं बघायला त्या मुलांना वीस मिनिटं लागली. तळवा पुसणारा तो शॉट आता त्यांच्या गाण्यात शेवटचा आहे, घुमटाची थाप थांबल्यावर लगेच येतो.