इतवारीतील भट्टी : दाणे कच्चे घ्यावेत की भाजके?

गेली सहा वर्षे आमच्या घरचे फल्लीदाणे (शेंगदाणे), जवस, तीळ आणि सुकामेवा नागपूरच्या इतवारीतल्या एकाच लहान दुकानातून येतो. दाराशीच वाळूची भट्टी आहे आणि एका घाण्याला तीन-चार किलोंहून अधिक माल ते टाकत नाहीत, हे मला तिथे बांधून ठेवणारे पहिले कारण.

भाजल्याने दाण्यातले सत्त्व निघून जाते, असे समजून पुष्कळ जण कच्चेच दाणे मागतात. प्रत्यक्षात 100 ग्रॅम कच्च्या फल्लीदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने आणि 49 ग्रॅम स्निग्धांश असतो. कोरडे भाजल्यावरही हे आकडे जवळपास तेवढेच राहतात, कारण कमी होते ते मुख्यतः पाणी. खरी घट होते ती उष्णता न सोसणाऱ्या ब-1 जीवनसत्त्वाची आणि काही प्रमाणात ई जीवनसत्त्वाची, आणि आच जितकी तीव्र तितकी ती अधिक. म्हणूनच मी इथला भाजका बदाम फोडून पाहते: आतला गर फिकट सोनेरी असतो, तपकिरी नसतो. फल्लीदाण्याचे साल तळहातावर चोळताच सुटते, पण दाण्यावर काळा डाग दिसत नाही.

भाजण्यापूर्वी सुपात पाखडून सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे वेचून काढले जातात, याला माझ्या लेखी सर्वाधिक महत्त्व आहे. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

जवसासाठी तर या दुकानाला पर्याय नाही. विदर्भात पिकणाऱ्या या दाण्यात 100 ग्रॅमला सुमारे 42 ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ओमेगा-3 प्रकारचा. मात्र अख्खा दाणा टणक सालामुळे बहुधा न पचताच बाहेर पडतो. इथे जवस तडतडू लागताच उतरवतात आणि सांगितल्यास समोरच दळून देतात. चटणीपुरते आठ-दहा दिवसांचेच दळून घ्यावे, कारण दळलेले जवस लवकर खवट होते. तीळ मात्र सालासकट मागून घ्यावेत. त्यांत 100 ग्रॅममध्ये सुमारे 975 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सोललेल्या तिळांत जेमतेम 60. सालातले बरेचसे कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधलेले असल्यामुळे सगळेच अंगी लागत नाही, तरीही सोललेले घेण्याचे कारण मला दिसत नाही.

तक्रार अक्रोडाबद्दल आहे. गेल्या मे महिन्यात घेतलेले सोललेले अक्रोड घरी येऊन चाखले तर खवट निघाले. नागपूरच्या उन्हाळ्यात काचेच्या बरण्या उन्हाच्या तिरिपेत ठेवल्यावर दुसरे काय होणार? मालकांनी विनातक्रार बदलून दिले, पण बरण्या अजून तिथेच आहेत. उन्हाळ्यात अक्रोड कवचासकटच घ्यावेत, किंवा आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावेत.

तयार फल्लीदाणे मिठाच्या पाण्यात भिजवून भाजलेले असतात आणि ते बरेच खारट लागतात. माझ्या वडिलांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे, म्हणून मी आदल्या दिवशी सांगून ठेवते. सकाळचा पहिला घाणा ते बिनमिठाचा काढून देतात.