शॉकअप सेट केल्यावर ठक ठक: स्प्रिंग, बोल्ट की शॉकअपच गेला?

किट कारचे (पार्ट आणून स्वतः जोडलेल्या गाडीचे) कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग अंगावरच बसवलेले शॉकअप, सेट केले, स्प्रिंगखालची कॉलर (आट्यांची रिंग) खाली फिरवून गाडी थोडी बसवली, शॉकअपचा कडकपणा बदलणारा नॉब चार-पाच क्लिक कडक केला आणि पहिल्याच राउंडला पुढून ठक ठक सुरू. असं झालं की माणूस लगेच नवीन शॉकअप शोधायला लागतो. प्लीज थांबा. माझ्या अनुभवात शॉकअप आतून खराब निघणं सगळ्यात कमी वेळा होतं, आणि खर्च नेमका तिथेच सगळ्यात जास्त.

आधी नॉब पूर्ण कडक टोकापासून किती क्लिकवर आहे ते लिहून ठेवा आणि फक्त नॉब जुन्या सेटिंगवर न्या, कॉलरला हात लावू नका, दोन्ही एकदम फिरवलं तर काहीच कळत नाही. आवाज पूर्ण गेला तर डॅम्पिंगचा, म्हणजे शॉकअपच्या कडकपणाचा मामला. नुसता कमी झाला तर फसू नका, कडक शॉकअप जास्त धक्का माउंटिंगवर टाकतो त्यामुळे आधीपासून सैल असलेला बोल्ट आता ऐकू यायला लागतो, आणि नॉब सैल केला की त्याच बोल्टचा आवाज परत दबतो.

आता स्प्रिंगचा आवाज आणि बोल्टचा आवाज यातला फरक. स्प्रिंगचा येतो चाक खड्ड्यात खाली लटकतं तेव्हा, नाहीतर हळू वळताना टंग करून. कॉलर खूप खाली गेली की चाक लटकल्यावर स्प्रिंगवर दाबच उरत नाही, ती सीटवरून (जिच्यावर ती टेकते त्या बैठकीवरून) सुटते आणि परत आपटते. चेक करायला सोपं आहे, चॅसिस स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको), चाक लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. दोन बोटांनी फिरली तर चोर सापडला. मग कॉलर वर घ्यायची की हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणारी छोटी मऊ स्प्रिंग) टाकायची? कॉलर वर घेणं फुकट, पण गाडीही वर येते, म्हणजे बसवलेली हाइट गेली. हाइट तीच ठेवायची असेल तर हेल्परच घ्या. अजून एक, सव्वादोन इंची सीट म्हणजे 57 मिमी, त्यावर 60 मिमीची स्प्रिंग बसते खरी पण बाजूला सरकून टकटक करते.

बोल्टचा आवाज वेगळा. चालण्याच्या स्पीडला, बारीक बारीक उंचवट्यांवर, कोरडा लोखंडी ठक, आणि ब्रेक मारून रिव्हर्स घेतली की एकदा हमखास. माझ्या गाडीत हेच होतं आणि मी तीन रविवार स्प्रिंगच्या मागे घालवले! शेवटी खालचा बोल्ट काढला तर मधल्या गुळगुळीत भागावर एका बाजूला आरशासारखा चकचकीत पट्टा आणि कडेला लालसर तपकिरी पूड. शॉकअपच्या आयचं (टोकाच्या कडीचं) भोक अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिमी, आणि बोल्ट एम12, म्हणजे 12 मिमीचा. 0.7 मिमीचा गॅप, बस्स. किट कारमध्ये इंची आणि मेट्रिक पार्ट एकत्र येतात त्यामुळे हे नक्की मोजा. पकडायचं कसं, तर गाडी चाकांवर उभी असताना कुणाला तरी हलवायला सांगा आणि जॉइंटवर हात ठेवा, सैल असेल तर ठोका बोटाला लागतो. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यात मात्र घालू नका.

ठक नसून कुईकुई असेल तर बुश, म्हणजे जॉइंटमध्ये बोल्टभोवती बसणारी नळी. रबर बुश चाक लटकलेलं असताना टाइट केला की तो पिळलेल्याच स्थितीत राहतो, कुरकुरतो आणि लवकर फाटतो. हाइट बदलली की सस्पेन्शन आर्मचे (चाक चॅसिसला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट सैल करून गाडीचं वजन चाकांवर असताना परत टाइट करावेच लागतात. पॉली (पॉलीयुरेथेनच्या) बुशला हे लागत नाही, त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं.

नॉबने आवाज पूर्ण गेला असेल तर शॉकअपच्या दांड्यावर एक झिप टाय बांधा आणि कडक सेटिंगवरच फिरून या. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध) फार कडक असला की एका धक्क्यातून स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरा धक्का येतो, गाडी खाली खाली बसत जाते आणि धप्पकन बंपस्टॉपवर (दांड्याच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर) आदळते. झिप टाय बंपस्टॉपपर्यंत ढकलला गेलेला दिसला तर खराब काहीच नाही, दोन-चार क्लिक सैल करा आणि चालवा.

शॉकअप खरंच गेलाय हे मी दोनच गोष्टींवरून मानतो: दांडा तेलाने ओला, किंवा स्प्रिंग काढून हाताने दाबताना मध्येच एक पोकळ टप्पा लागतो जिथे काही जोरच लागत नाही. नुसता फस्स आवाज तेलाचा असतो, तो चालतो. पोकळ टप्पा लागला तरी नवीन घेण्याआधी तो उघडून सील आणि तेल बदलता येतं का ते विचारा, काही कॉइलओव्हरचं होतं तसं, आणि करायचं तर डावा-उजवा दोन्ही एकदम करा.