उत्तर लंडनमधला सेन्सेईंचा कराटे क्लास: चार तारे, पाचवा माझ्या गुडघ्यांनी कापला

मुलाला दीड वर्षात ब्लॅक बेल्ट हवा असेल, तर इथे जाऊ नका. पहिल्याच फोनवर तुम्हाला हेच सांगतील. फोन सेन्सेई, म्हणजे आमचे कराटेचे गुरू, घेत नाहीत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी घेते, निवृत्त नर्स, स्वतः चौथा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली चौथी पायरी. फी, विमा, परीक्षेचे अर्ज, हॉलची किल्ली, सगळं तिच्याकडे. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढूनही सेन्सेई फॉर्म दिसला की चहा करायला उठतात, असं तीच सांगते.

जागा म्हणजे चर्चचा हॉल. फरशी लाकडी आणि चांगली, पण जानेवारीत अनवाणी पाय बधिर होतात. कपडे बदलायला एकच खोली. आधी बायका, मग पुरुष. पार्किंग नाही. महिन्याला ५५ पौंड, आठवड्यातून दोन वर्ग. वार्षिक लायसन्स आणि बेल्टची परीक्षा यांचे पैसे वेगळे. आजूबाजूच्या जिमपेक्षा हे स्वस्तच आहे.

आता सेन्सेईंबद्दल, कारण लोक जातात ते त्यांच्यासाठी. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. कराटे तोक्योतल्या विद्यापीठाच्या क्लबात शिकले. १९६५ साली जपान कराटे असोसिएशनने कानाझावा, एनोएदा, कासे आणि शिराई या चौघा प्रशिक्षकांना परदेशात प्रात्यक्षिकांसाठी पाठवलं होतं. कानाझावा इंग्लंडमध्ये राहिले, एनोएदांनी लिव्हरपूलमध्ये शिकवायला सुरुवात केली, शिराई मिलानला गेले आणि कासे पुढे पॅरिसला स्थायिक झाले. त्या चौघांनी पाडलेल्या वाटेने मागून जे तरुण आले, त्यांतले हे एक. सत्तरच्या दशकात आले ते मदतनीस म्हणून, दोन वर्षांसाठी. (दोन वर्षांसाठी आलेली आपली मंडळी मोजायला बसलं तर अख्खं महाराष्ट्र मंडळ भरेल.) मग कॉलेजांच्या जिममध्ये, शाळांच्या हॉलमध्ये शिकवणं, रविवारी वेल्सपर्यंत गाडी हाकणं, हिवाळ्यात मीटरमध्ये नाणी टाकून खोली गरम करणं. हे सगळं वर्षाअखेरीच्या जेवणात कळतं. वर्गात ते स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

शिकवतात कसं, ते सविस्तर सांगते. समजा विषय ग्याकु-झुकीचा, म्हणजे मागच्या हाताच्या पंचचा आहे. इतर ठिकाणी हात दाखवतात. इथे पहिला अर्धा तास हाताला कामच नाही. तुमच्या कमरेभोवती जादा बेल्ट गुंडाळतात, एक टोक जोडीदाराकडे. त्याने ओढायचं, तुम्ही त्या ओढीविरुद्ध कंबर फिरवायची, मागची टाच जमिनीवरून न उचलता. टाच उचलली की सेन्सेई येतात आणि पायाच्या बोटाने ती हळूच दाबतात. मग बेल्ट सोडतात आणि तेव्हा हात आपोआप सुटतो. ताकद कुठून येते ते त्या क्षणी अंगाला कळतं. नंतर 'वन्स मोअर' ऐकू येतं. हा संगीत नाटकातला वन्स मोअर नव्हे. तो कितीही वेळा मिळाला तरी कौतुक समजू नये.

हेइआन शोदान ही पहिली काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, २१ हालचालींची. ती आम्ही महिनोन्महिने करतो, आणि काळ्या पट्ट्यातले लोकही आमच्या शेजारी उभे राहून तीच करतात. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

तक्रारी आहेत. त्यांच्या एका खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे उंच किक आता ते दाखवत नाहीत. त्या नर्सबाई दाखवतात. 'पैसे गुरूंचे आणि शिकवतात शिष्या' असं म्हणून एकाने क्लास सोडला. मला ते पटलं नाही. बाई दाखवत असताना सेन्सेई आमच्याकडे बघत असतात आणि रांगेत शेवटच्या माणसाचा गुडघा आत वळलाय हे तिथूनच ओळखतात. मला खरा त्रास होतो तो उशिराच्या नियमाचा. ट्रेन लेट झाली तरी दाराशी गुडघ्यांवर बसून आत बोलावण्याची वाट बघायची. चाळिशीनंतर ही शिक्षा वर्गापेक्षा कठीण. आणि शाबासकी मिळत नाही, मुलांनासुद्धा नाही. लहान मुलांचं मन यात रमेलच असं नाही. माझ्या भाच्याचं रमलं नाही.

मेडलं हवी असतील तर स्पर्धेचा क्लब वेगळा शोधा. तोक्योच्या ऑलिम्पिकमध्ये कराटे होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. यावर आमच्या पोरांनी बराच आरडाओरडा केला. सेन्सेईंनी ऐकून घेतलं आणि घोडेस्वाराच्या पवित्र्यात उभं केलं, मांड्या थरथरेपर्यंत.

जायचंच असेल तर: पहिला वर्ग फुकट आहे, ट्रॅकपँट चालते. कराटेचा ड्रेस लगेच घेऊ नका. महिनाभर टिकलात तर नर्सबाईच योग्य मापाचा मागवून देतात, आणि एक माप मोठा, कारण सुती कापड धुतल्यावर आटतं. हातापायांची नखं कापून जा. बांगड्या, कानातलं घरी ठेवा. अंगठी निघतच नसेल तर त्यावर टेप गुंडाळतात. रोल बाईंच्या पिशवीत असतो.