पेट्रोलवर कर की गाडीवर एकरकमी कर : कमी कमाईवाल्याला जड काय?

पेट्रोलवरचा कर वापराप्रमाणे कापला जातो. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे 2 रुपयांनी वाढवले (पंपावरचा दर तेव्हा हलला नाही, तेल कंपन्यांनी भार उचलला). तो ग्राहकावर आला असता तर? महिन्याला 1000 किमी धरा. 45 किमी सरासरीच्या स्कूटरला 22 लिटर, म्हणजे 44 रुपये. 15 किमी देणाऱ्या कारला 67 लिटर, 134 रुपये. कारवाला तिप्पट भरतो खरा, पण 15 हजार पगारात 44 रुपये म्हणजे 0.3 टक्के, लाखाच्या पगारात 134 म्हणजे 0.13. बस नसलेल्या गावात फेऱ्याही कमी करता येत नाहीत.

महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर किमतीवर चढतो : पेट्रोल कारला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 लाखांवर 13. इथे गरिबाला थोडी सूट मिळते, शिवाय राज्यातली जुनी गाडी घेणाऱ्याला तो पुन्हा भरावा लागत नाही. खोट दोन ठिकाणी. नवी स्कूटर कर्जावर घेतली आणि कर कर्जातच धरला, तर त्यावरही व्याज लागते. आणि या कराच्या रकमेची कमाल मर्यादा 2025 मध्ये 20 वरून 30 लाख झाली, तरी सुमारे 2.3 कोटींपुढच्या गाडीचा दर उलट घटतच जातो. कर वाढवायचाच असेल, तर आधी ही मर्यादा काढावी.