कोठडीत कॅमेरा बरा की अचानक तपासायला येणारा माणूस?

सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सांगितलं की कोठडीतली मारहाण थांबावी म्हणून प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, लॉकअप, कॉरिडॉर, इन्स्पेक्टरची खोली सगळीकडे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग शक्यतो 18 महिने, अगदीच नाही तर निदान वर्षभर ठेवायचं. ऐकायला भारी वाटतं ना? पण कॅमेऱ्याची चावी कोणाकडे, तर ठाण्याकडेच, म्हणजे नेमकं नको तेव्हा मशीन बंद पडायला कितीसा वेळ लागतो... 2025 मध्ये कोर्टाला बंद कॅमेऱ्यांची परत स्वतःहून दखल घ्यावी लागली, यातच आलं सगळं.

दुसरीकडे ब्रिटनमध्ये साधी माणसं, पगार नाही काही नाही, दोघादोघांच्या जोडीने कधीही, अगदी रात्रीसुद्धा न कळवता पोलीस ठाण्यात कोठडीतल्यांना नीट ठेवलंय का बघायला जातात. लंडनमधल्या ब्रिक्स्टन भागातल्या दंगलीनंतर न्यायाधीश लॉर्ड स्कार्मन यांनी चौकशी केली, त्यांच्या 1981 च्या रिपोर्टमधून ही कल्पना पुढे आली. ते आतल्या माणसाशी बोलतात, जेवण मिळालं का, औषध दिलं का, वकिलाला कळवलं का विचारतात. कॅमेरा हे विचारणार आहे का?

अर्थात माणूस तासाभराने निघून जातो, कॅमेरा तिथेच राहतो, आणि नंतर कोर्टात पुरावा म्हणून फुटेजच लागतं, हे मान्य. तरी एकच निवडायचं तर मी माणूस निवडेन, कारण कॅमेरा झालेली मारहाण दाखवतो (चालू असला तर!), आणि कोण कधी येऊन टपकेल माहीत नसलं की हात उचलायच्या आधीच विचार होतो.