व्यासपीठ की टेबलं? गोव्यात परिषद भरवणाऱ्यांसाठी

शंभर-सव्वाशे सभासदांची व्यावसायिक संघटना, दोन दिवसांची परिषद, ठिकाण पणजी किंवा आसपास. हॉलचं भाडं, जेवणाचं ताट, गाड्यांची सोय हे तुम्हाला ठाऊक असेलच. अडतं ते पुढे. लोकांना व्यासपीठासमोर रांगेत बसवायचं, की टेबलांभोवती बसवून विषय त्यांच्याच हाती द्यायचे?

व्यासपीठाची बाजू लंगडी नाही. बदललेला कायदा, कराची नवी तरतूद, उपचाराची नवी पद्धत असं काही समजावायचं असेल, तर जाणकाराने चाळीस मिनिटं सलग बोलण्याला पर्याय नाही. अर्धवट माहिती असलेली पाच माणसं टेबलावर बसली की घोळ वाढतो. डॉक्टरांच्या परिषदेला वैद्यक परिषदेचे (मेडिकल कौन्सिलचे) क्रेडिट पॉइंट हवे असतील, तर विषय आणि वक्ते आधीच कळवावे लागतात. 'विषय सकाळी ठरवू' तिथे चालत नाही. प्रायोजकालाही बॅनर फोटोत यायला हवा असतो.

व्यासपीठावरच्या पॅनेल-चर्चेचं मात्र गणितच जुळत नाही. पंचेचाळीस मिनिटांत पाच वक्ते, प्रत्येकाचं पाच मिनिटांचं 'सुरुवातीचं मनोगत' आठ मिनिटांवर जातं, म्हणजे चाळीस मिनिटं तिथेच संपली. पॅनेल ठेवायचंच असेल, तर वक्ते तीनच घ्या, मनोगत काढून टाका आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर आदल्या मध्यंतरातच गोळा करा.

माझ्या दृष्टीने व्यासपीठ हरतं ते मात्र चहापाशी. साडेनऊचं उद्घाटन पाहुणे आल्यावर सव्वादहाला सुरू होतं. समई, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांची पाहुण्यांपेक्षा लांब ओळख. झालेला उशीर वक्त्याकडून वसूल करता येत नाही, जेवण पुढे ढकललं तर केटरर कुरकुरतो, म्हणून अर्ध्या तासाचा चहा दहा मिनिटांवर येतो. एका माणसाला कप उचलून, चहा ओतून, साखर ढवळून बाजूला व्हायला दहा सेकंद धरली, तरी एका काउंटरवर सव्वाशे माणसांना वीस मिनिटं लागतात. म्हणजे मध्यंतर रांगेतच जातं, आणि डिचोलीहून आलेल्या तरुण सभासदाला ज्यांना भेटायचं होतं, त्यांची पाठच तेवढी दिसते. चहा तीन ठिकाणी आणि साखर-बिस्किटं वेगळ्या टेबलावर ठेवली तर हे बरंचसं सुटतं; पण वेळच कापला गेला तर काउंटर वाढवून काय उपयोग?

टेबलांच्या पद्धतीचं मूळही यातच आहे. अमेरिकन सल्लागार हॅरिसन ओवेन यांनी १९८३ साली मोठ्या खटपटीने एक परिषद भरवली आणि लोकांना सगळ्यात आवडली ती मधली कॉफी. त्यातूनच १९८५ पासून 'ओपन स्पेस' पद्धत रुळली. सकाळी सगळे गोलात बसतात. ज्याला विषय मांडायचा तो कागदावर मार्करने लिहितो, मिनिटभरात सांगतो आणि भिंतीवरच्या तक्त्यात चिकटवतो. आडवी वेळ, उभी जागा. आठ जागा आणि तासाभराच्या तीन फेऱ्या म्हणजे चोवीस विषय. जिथे शिकायला काही मिळत नाही आणि द्यायलाही काही नाही, तिथून उठून दुसरीकडे जायचं, हा नियम. कोणी रागवायचं नाही.

फसतं कुठे? पहिली दहा मिनिटं विषय मांडायला कोणी उठतच नाही, म्हणून चार-पाच सभासदांना आदल्या दिवशी विषय घेऊन यायला सांगून ठेवावं. दुसरं, टेबलं. हॉलवाला सहा फुटी गोल टेबलं लावतो, दहा जणांची. गोंगाटात समोरच्याचं ऐकू येत नाही, मग शेजारी शेजाऱ्याशीच बोलत बसतो. तीन फुटी टेबल, चार-पाच खुर्च्या आणि दोन टेबलांत किमान सहा फूट अंतर ठेवा. ध्वनिक्षेपक बंद. तिसरं, हाती काही उरत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर एकाने मुद्दे लिहायचे आणि उठण्याआधी त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. 'नंतर पाठवतो' म्हटलेला कागद कधी येत नाही.

जागा पद्धतीप्रमाणे निवडा. कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर सभागृहातल्या खुर्च्या पक्क्या आहेत. भाषणाला उत्तम, टेबलांना निरुपयोगी. टेबलांसाठी सपाट जमिनीचा हॉल आणि लागून दोन-तीन खोल्या हव्यात; दोनापावलाच्या इंटरनॅशनल सेंटरसारखी जागा सोयीची. जून ते सप्टेंबर हिरवळीवरची फेरी कागदावरसुद्धा धरू नका.

गोव्याचं वेळापत्रकही टेबलांच्या बाजूने झुकतं, असं मला वाटतं. नुस्त्याची कडी आणि शीत, म्हणजे माशांची आमटी-भात, जेवून दोन वाजता अंधाऱ्या वातानुकूलित हॉलमध्ये स्लाइड बघत जागं राहणं भल्याभल्यांना जमत नाही. टेबलावर निदान बोलावं लागतं. संध्याकाळी पाचनंतर बाहेरगावचे मिरामार-कळंगुटकडे पांगतात, स्थानिक घर गाठतात, त्यामुळे 'ओळखीपाळखी रात्रीच्या जेवणाला होतील' या भरवशावर राहू नये. शिवाय व्यासपीठावर इंग्रजी चालते आणि सांगे-काणकोणचा सभासद गप्प बसतो. टेबलावर तोच कोंकणी-मराठीत खरी अडचण सांगतो. अर्थात टेबलावर बाहेरचा कोणी असेल तर त्याच्यासाठी अधूनमधून हिंदीत यावं लागतं.

समारोप दुसऱ्या दिवशी जेवणाआधी उरका. मोपाचं विमान पकडणारे जेवणानंतर थांबत नाहीत, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर ठराव वाचावे लागतात.

पहिल्या सकाळी एकच जाणकार भाषण आणि त्यानंतर टेबलं, हे मला सर्वांत बरं वाटतं. तरीही सभासद तीनशेच्या घरात असतील किंवा उद्घाटनाला मंत्री बोलावणं टाळता येत नसेल, तर खुशाल व्यासपीठ ठेवा. फक्त अकराचा चहा अकरालाच सोडा, कोणाचंही भाषण चालू असलं तरी.